निवळ

कुकरची शिट्टी झाली आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका टुणकन वर्तुळाबाहेर उडाला.

प्रफुलने जॉयस्टिकवरचा हात काढून घेतला आणि बायकोने मुद्दामच आत्ता कुकर लावला असा आरोप केला. आरोप खरा होता. नागपुरात मानेवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्याला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलावर गेले कित्येक दिवस हाच खेळ चालला होता. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेली एक जुनी जॉयस्टिक, तिच्या पोटातून बाहेर आलेल्या वायरी आणि त्या वायरींच्या टोकाला, नखाएवढी चिप बसवलेला हिरवा बोर्ड. प्रफुलने ठिपका वर्तुळात ठेवायचा आणि मोनालीने त्याला दचकवायचं. कधी मागे ताट पाडायचं, कधी त्याच्या थोरल्या भावाचा विषय काढायचा. भावाच्या नावाने ठिपका ताटापेक्षा जास्त उडतो हे पाहून दोघं पोट धरून हसले होते.

हसणं खूप दिवसांनी आलं होतं. प्रफुल डाखरे पोकलेन चालवायचा, पण पोकलेनवर बसून नाही. वणीच्या पलीकडे बोरडोहची कोळशाची उघडी खाण होती. तिथली खोदणारी यंत्रं आता नागपुरातल्या एका थंडगार हॉलमधून चालत. समोर पाच पडदे, दोन्ही हातांत जॉयस्टिक, आणि शंभरावर किलोमीटर दूर चिखलात उभं असलेलं अजस्र धूड. पहिल्याच वर्षी त्याच्या बकेटचा फटका एका डंपरच्या केबिनला बसला. डंपरच्या ड्रायव्हरचं गळ्याचं हाड मोडण्यावर निभावलं, पण प्रफुलची झोप उडाली. जेवताना त्याच्या हातातला घास थरथरायचा. मोनाली हॉलमधल्या त्या कंट्रोल-डेस्कच्या चिपा प्रोग्राम करणाऱ्या कंपनीत होती. नवऱ्याच्या हाताकडे बघता बघताच तिच्या डोक्यात ती कल्पना आली.

जॉयस्टिक ही नुसती दांडी. आपण ती किती कलवली हे तिच्या बुडाशी असलेला चुंबकाचा सेन्सर मोजतो आणि तो आकडा चिपकडे जातो. त्या आकड्याचं काय करायचं, हे मात्र चिप ठरवते. नळाची तोटी जशी असते तसं. काही तोट्या जराशा फिरवल्या की धो धो पाणी येतं. काही निम्म्या फिरवल्या तरी करंगळीएवढी धार, आणि मग एकदम जोर. दांडी किती कलली आणि यंत्र किती हललं, यांचं नातं कागदावर काढलं की एक रेघ मिळते. ती सरळ असेल तर यंत्र हाताच्या मागे सावलीसारखं हलतं. ती मधे सपाट नि टोकांना उभी असेल तर बारीक काम सोपं होतं, कारण हाताची बारकी चूक यंत्रापर्यंत पोचतच नाही. ही वक्ररेषा चिपच्या आत आकड्यांचा एक तक्ता म्हणून बसलेली असते. तक्ता बदलला की तीच दांडी, तोच हात, पण यंत्र वेगळं.

आजवर हा तक्ता एकदा ठरवला की ठरला. मोनालीने तो जिवंत केला. प्रत्येक जिवंत हात थरथरतो, अगदी सर्जनचासुद्धा. डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. माणूस घाबरला, चिडला, कशाने तरी कासावीस झाला की तो कंप वाढतो, आणि शिवाय हात आपल्याच चुका दुरुस्त करताना पुढे जाऊन परत मागे येऊ लागतो. दारूच्या नशेत कुलपाला किल्ली लावणाऱ्या माणसासारखा. तिची चिप हे सगळं टिपायची, महिनाभरात त्या माणसाचा नेहमीचा हात शिकून घ्यायची, आणि हात नेहमीपासून जितका लांब जाईल तितकी ती रेघ सपाट करायची. हात अस्वस्थ, तर यंत्र संथ. गढूळ पाणी हलवायचं थांबलं की निवळतं, म्हणून तिने त्या प्रोग्रामला नाव दिलं, निवळ.

निवळ चालला. वर्षभरात बोरडोहमध्ये एकाही केबिनला ओरखडा आला नाही. मग बंदरांवरच्या क्रेनना निवळ बसला, बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना बसला, आणि अपंगांसाठी विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्यांचीही विचारणा आली. प्रत्येक डेस्कवर एक छोटा दिवा असायचा. हात निवांत असेल तर हिरवा, नसेल तर पिवळा, मग लाल. मोनालीला पगारवाढ मिळाली, प्रफुलला झोप.

पण आता नवऱ्याचा हात दिवसभर तिच्या ऑफिसातल्या पडद्यावर असायचा. काम तपासण्यासाठी सगळ्याच ऑपरेटरांचे आलेख तिच्याकडे येत, त्यात त्याचाही. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटे. सकाळी हात खराब दिसला तर ती संध्याकाळी त्याच्या आवडीची पाटोडी करायची आणि तो विचारायचा, आज काय विशेष? मग गंमत सवयीत गेली. एकदा जेवताना तिने सहज विचारलं, अकराच्या सुमाराला दादांचा फोन आला होता का, शेताच्या वाटणीबद्दल? प्रफुलने घास खाली ठेवला. फोन आला होता. तो त्याला सांगायचा नव्हता.

"माझ्या हातावरून मले वाचत नको जाऊ, मोना," तो म्हणाला. "काय विचारायचं ते तोंडानं विचार. सांगावंसं वाटलं तर सांगीन, नाही तर नाही सांगणार. एवढं तरी माझं राहू दे."

तिने कबूल केलं, आणि तरी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचं बोट आपोआप त्याच्या नावावर गेलं. तिला वाटे, आजारी माणसाचा ताप बघण्यात कसलं पाप? पण घरी ते दोघं आता जपून बोलू लागले होते. तो आपण ठीक आहोत असं सांगे, आणि ते खोटं आहे हे तिला ठाऊक असे, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असे.

ऑगस्टात बोरडोहला पावसाने झोडपलं. खाणीच्या कडेला वर्षानुवर्षं रचलेला मातीचा डोंगर आतून भिजत गेला आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याचा एक अख्खा कडा सुटून खाणीच्या तळात उतरला. तळाशी, साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपांजवळ, एक लोखंडी कंटेनर होता. पंपावरच्या माणसाने बसायची जागा ती. त्या पाळीला तिथे मारोती झाडे होते.

झाडेकाका हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होते. यंत्रं दुरून चालू लागण्याआधी, माणसं खरोखर पोकलेनवर बसत तेव्हाचे ते सगळ्यांत जुने ऑपरेटर. प्रफुलला त्यांनीच शिकवलं होतं. यंत्रं नागपूरला जोडली गेली तेव्हा काकांनी पडद्यापुढे बसून पाहिलं, दोन दिवसांत उठले आणि म्हणाले की ज्या यंत्राचा हादरा बुडाला लागत नाही ते आपल्याला समजत नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांनी पंपावरचं काम मागून घेतलं.

हॉलचे प्रमुख गेडाम सर. त्यांचा फोन आला तेव्हा मोनाली खालच्या मजल्यावर तिच्या ऑफिसात होती. ती जिन्याने धावत वर गेली. सगळे ऑपरेटर आपली यंत्रं उभी करून प्रफुलच्या डेस्कभोवती जमले होते. घसरलेल्या मातीच्या आतल्या बाजूला फक्त त्याचंच पोकलेन अडकलं होतं. बाकीची सगळी ढिगाऱ्याच्या पलीकडे. बचावाची माणसं पायी, चिखलातून, दोर लावून उतरत होती, पण फावड्याने ती माती हटणारी नव्हती. पंप बंद पडला होता. खाणीच्या तळात पाणी चढत होतं, आणि कंटेनर पालथा पडून निम्म्यावर पुरला गेला होता.

काकांचा वॉकीटॉकी चालू होता आणि खाणीतून तो हॉलच्या स्पीकरवर जोडला होता. पाणी कमरेला आल्याचं ते सांगत होते. आवाज शांत होता, जणू डिझेल किती उरलं ते सांगताहेत. पाय कशाखाली तरी अडकला आहे, असंही म्हणाले.

प्रफुलच्या डेस्कवरचा दिवा लाल होता. पडद्यावर पोकलेनचा लांब हात मधात बुडाल्यासारखा हलत होता. तो जॉयस्टिक पार टोकापर्यंत लोटत होता, आणि तिथे दूर बकेट वीतभर सरकत होती. जितका तो लोटत होता तितका त्याचा हात चिपला अधिक कासावीस वाटत होता, आणि चिप रेघ आणखी सपाट करत होती. आपण लिहिलेलं इतकं बिनचूक चालताना मोनालीने कधी पाहिलं नव्हतं.

गेडाम सरांनी दुसऱ्याला बसवून बघायचं ठरवलं. रिझवान बसला, सगळ्यांत थंड डोक्याचा. दिवा पिवळा झाला आणि लगेच लाल. मग आणखी एकजण. लालच. काकांचा आवाज मधेच खोलीत येत होता, आणि तो ऐकून निवांत राहील असा हात त्या हॉलमध्ये कुणालाच नव्हता. प्रफुल पुन्हा बसला.

निवळ बंद करायची किल्ली दोघांकडेच होती, पुण्यात मोनालीच्या साहेबांकडे आणि मोनालीकडे. किल्ली म्हणजे एक पासवर्ड. साहेबांचा फोन लागत नव्हता.

"पाणी छातीले आलं," काका म्हणाले.

प्रफुलने मान न वळवता म्हटलं, "मोना, कुलूप खोल."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताची तिला जितकी माहिती होती तितकी जगात कुणाच्या हाताची कुणाला नसेल. असा लाल असताना तो किती पुढे जाऊन किती मागे येतो, हे तिला पाठ होतं. बकेटचे दात हातभर लांबीचे. पत्र्याच्या त्या बाजूला माणूस. निवळ काढला तर त्या थरथरत्या हाताची प्रत्येक चूक जशीच्या तशी तिथे पोचणार होती. नाही काढला तर काहीच चुकणार नव्हतं, आणि काकांपर्यंत काहीच पोचणार नव्हतं. सगळा प्रोग्राम एका गोष्टीवर उभा आहे हे तिला तेव्हा, तिथे उभं असताना कळलं. थांबायला वेळ आहे, हे तिने गृहीत धरलं होतं. निवळायला वेळ लागतोच. तो नसेल तर काय, हा प्रश्न तिने कधी लिहिलाच नव्हता.

तिने पासवर्ड टाकला. डेस्कवरचा दिवा विझला, कारण निवळ बंद म्हणजे मोजणंही बंद.

पोकलेनचा हात झटक्याने उठला. मग जे झालं ते फार भराभर झालं. बकेटने कंटेनरवरची माती दोन-तीन दमात उडवली, उलटी फिरली, तिच्या दातांनी पत्र्याची कड धरली आणि डबा उघडावा तसा पत्रा सोलला. आत काळं पाणी दिसलं. त्यात काकांची पिवळी टोपी. वॉकीटॉकी आता गप्प होता. काहीतरी लोखंडी, पंपाची चौकट असावी, काकांच्या अंगावर आडवी होती. प्रफुलने दात त्या चौकटीखाली घातले आणि ओढलं. चौकट निघाली. दोर लावून उतरलेली माणसं तेवढ्यात तिथे पोचली होती, त्यांनी उड्या टाकल्या.

मारोती झाडे जिवंत बाहेर आले. डावा पाय गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. दाताने. वणीहून त्यांना नागपुरात आणलं आणि त्याच रात्री पाय काढावा लागला.

वर्तमानपत्रांनी फोटो छापले. हॉलमध्ये पेढे आले. आणि मग चौकशी बसली. तिथे मोनालीला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली गेली: निवळ चालू असता तर पाय वाचला असता का? तिने खरं ते सांगितलं. पाय वाचला असता. काका वाचले असते की नाही, ते माहीत नाही. चौकशी करणाऱ्या गृहस्थांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. तिच्याकडची किल्ली काढून घेण्यात आली. यापुढे निवळ कुणालाही, कधीही बंद करता येणार नाही, असा प्रोग्राम लिहायचं काम पुण्यात सुरू झालं.

ती घरी येऊन त्याच टेबलापाशी बसे आणि संगणकावर तो प्रसंग पुन्हा मांडून बघे. एवढी माती, एवढ्या वेगाने चढणारं पाणी, निम्मी सपाट रेघ. पुरती बंद करण्याऐवजी तिने थोडीच सैल केली असती तर? कधी काका पायासकट वाचत, कधी बुडत. ती आकडे बदलत राही. तिच्या मनाने एक ठरवून टाकलं होतं: मी कुलूप काढलं, त्याचा हात थरथरला, पाय गेला. हे तिने प्रफुलला कधी बोलून दाखवलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. तो हॉस्पिटलातही गेला नाही. आधी उद्या जाऊ म्हणाला, मग सुट्टी मिळत नाही म्हणाला.

आठवड्याभरात प्रफुल कामावर परतला, आणि त्याचा हात सुंदर झाला. दुसरा शब्दच नव्हता. दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवा. अख्ख्या हॉलमध्ये त्याच्याइतका निवांत आलेख कुणाचा नव्हता. महिन्याच्या शेवटी गेडाम सरांनी त्याचं नाव फळ्यावर लावलं. आलेख बघायची मोनालीला अजून परवानगी होती. ती बघे आणि तिला थोडा धीर येई. सावरला म्हणायचा. घरीही शांतच असायचा. पाटोडी केली तरी खायचा, खिचडी टाकली तरी खायचा. दादांनी वाटणीत कडेचं मुरमाड शेत माथी मारलं, तर घे म्हणाला.

मग सप्टेंबरात एका दुपारी एक डंपर चुकीच्या बाजूने मागे येत थेट त्याच्या फिरत्या बकेटखाली शिरला. हॉलमध्ये दोघं-तिघं ओरडले. प्रफुलने यंत्र जिथल्या तिथे थांबवलं, अगदी नियमाप्रमाणे. डंपर निघून गेला, त्याने काम पुढे चालू केलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मोनालीने संध्याकाळी तो तुकडा काढून पाहिला. मग पुन्हा पाहिला. शेजारच्या डेस्कवर बसलेल्या, त्या डंपरशी काही संबंध नसलेल्या माणसांचे आलेखसुद्धा त्या क्षणी उसळले होते. प्रफुलच्या रेघेवर काही नव्हतं. तिने ती मोठी करून पाहिली, आणखी मोठी केली. नुसता भीतीचा कंपच नाही, त्या बारीक दुरुस्त्याही गेल्या होत्या. प्रत्येक हात काम करताना ज्या करत असतो, जरासं डावीकडे, नको, जरासं उजवीकडे, त्या. ज्या माणसाला आपलं काम कुठे पोचतंय याची फिकीर असते, त्याचा हात सारखा विचारत असतो. हा हात विचारतच नव्हता. तो नेमून दिलेलं करत होता. तिच्या प्रोग्रामला अस्वस्थ हात ओळखता येत होता. असा हात त्याने निवांत म्हणून हिरव्यात टाकला होता, आणि तिनेही.

त्याच्या आलेखातून तिने त्याची एकेक गोष्ट ओळखली होती, भावाचे फोन ओळखले होते, आणि नवरा महिनाभर घरात नाही हे तिला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या पाळीच्या मधेच हॉलमध्ये गेली. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. पोकलेन माती भरत होतं, दिवा हिरवा होता.

"यंत्र उभं कर," ती म्हणाली. "मले काही विचारायचं आहे."

त्याने बकेट खाली टेकवली. तिने विचारलं. त्या दिवशी काय झालं, तू मला सांगितलंच नाहीस. तो म्हणाला, सगळं तर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. ती म्हणाली की तिला रेकॉर्डिंग नको आहे.

पलीकडे रिझवान उठला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने लांब गेला.

"पाय दिसत होता मले," प्रफुल म्हणाला.

तिला आधी कळलं नाही.

"चौकटीखाली दात घातला ना, तवा. चौकटीसंगं पाय पाण्यावर आला, दात अन् चौकटीच्या मधात. दात काढून दुसऱ्या बाजूनं घालायचा म्हणजे बकेट पूर्ण फिरवा लागत होती. काकांचं तोंड पाण्याखाली गेलतं. मी पाह्यलं, अन् ओढलं." तो आपल्या हाताकडे पाहत होता. "तू समजून राहिली का माझा हात हलला. मले माहीत आहे तू तेच समजून राहिली. हात नाही हलला, मोना. एकदम थंड झालता. इतका थंड हात माझा जिंदगीत नाही झाला. तो तसाच आहे तवापासून."

त्या क्षणाचा आलेख नव्हता. निवळ बंद होता, दिवा विझलेला होता. त्या हाताबद्दल तिला कधी काही कळायचंच होतं तर ते फक्त असं, त्याच्या तोंडून.

तिने चौकशीत सांगितलं होतं, पाय वाचला असता. महिनाभर ती आकडे फिरवत बसली होती. आणि हा माणूस एका माणसाचा पाय तोडायचं एकट्याने ठरवून, ते करून, फळ्यावर नाव लावून घेऊन रोज डबा घेऊन कामावर येत होता. तिने विचारलं ते एवढंच, काकांना हे माहीत आहे का. त्याने नाही म्हणून मान हलवली.

गेडाम सरांकडे तिने त्याच्यासाठी रजा मागितली. सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं, एवढा चांगला हात आणि रजा कशाला? तेव्हा तिने त्यांना बसवून ती रेघ मोठी करून दाखवली. ज्या हातात काहीच हलत नाही तोही निवळच्या हिशेबात लाल असायला हवा. आणि यंत्रापुढे बसलेल्या माणसाला निवळ स्वतः काढता यायला हवा, असं तिने पुण्याला लिहून पाठवलं. पुण्याहून उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे. पुढे काय होईल ते तिला माहीत नव्हतं. रजा मात्र मिळाली.

रविवारी ते दोघं वणीजवळ काकांच्या गावी गेले. वाटेत दोनदा प्रफुल म्हणाला की परत फिरू. ती गाडी चालवत राहिली.

काका पडवीत खाटेवर बसले होते. लुंगीखालून एकच पाय खाली सुटला होता. त्यांच्या बायकोने, कमलकाकूंनी, या म्हटलं, खुर्च्या दिल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. काकांनी विचारपूस केली. हॉलमधल्या एकेकाची नावं घेतली. कृत्रिम पायाचं माप घेऊन झालंय, दिवाळीपर्यंत येईल म्हणाले. प्रफुल खाली बघून हो, हो करत होता. मोनालीला वाटलं, आता हा बोलणार नाही. आपण बोलावं का? तिने दातांनी ओठ धरून ठेवला.

मग त्याने सांगितलं. हॉलमध्ये जेवढं सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

काका अंगणाकडे पाहत राहिले. कमलकाकू ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी प्रफुलकडे पाहिलं नाही.

"मले वाटत होतं, यंत्र चुकलं," काका शेवटी म्हणाले. "यंत्रावर राग काढणं सोपं होतं रे."

त्यांनी मान वळवून प्रफुलकडे पाहिलं.

"आता तुह्यावर काढा लागते." ते थांबले. "काढीन. काही दिवस काढीन. तू येत जाय."

काकूंनी ट्रे पुढे केला. आधी मोनालीला, मग, जराशा थांबून, प्रफुलला. त्याने कपबशी उचलली. क्षणभर काही झालं नाही. मग कप बशीत किणकिणू लागला. आधी बारीक, मग मोठ्याने. चहा कडेवरून बशीत आणि बशीतून त्याच्या पँटवर पडू लागला. त्याने दुसरा हात लावला, तर तोही थरथरत होता. त्याचे खांदे हलायला लागले.

मोनालीचा हात कपाकडे गेला.

"सांडू दे," काका म्हणाले.

तिने हात मागे घेतला.